हंडा भरलेला दिसला पाहिजे



मागच्या महिन्यात बैठकीत मी ‘रील’ असा शब्द काढला आणि सगळ्या हसल्या. एकीनं विचारलं, “काय ताई, आता तुम्ही पण मोबाईलवर नाचणार का?” नाही हो. बोटानं वर सरकवत बसतो, त्या रीलबद्दल मी आज बोलणार नाही. अॅनिमेशन, म्हणजे कार्टून, जाहिराती, सिनेमा, गेम यांतली हलती चित्रं करायला शिकलेली मुलं नोकरी मागायला जातात, तेव्हा प्रमाणपत्राआधी त्यांच्याकडे एक छोटा व्हिडिओ मागतात. त्यात त्यांनी स्वतः केलेलं काम असतं. त्याला शो-रील म्हणतात, कुणी डेमो-रील म्हणतं. आपण लोणच्याची ऑर्डर मागायला जाताना बरणी नेत नाही, छोट्या बाटलीत नमुना नेतो. तसाच हा नमुना.

हा विषय रेडिओवर घ्यायचं कारण सांगते. आपल्या गटांतून आता शेळीला, शिलाई मशीनला, तसंच मुलांच्या कोर्सलाही कर्ज जातं. नर्सिंग, कॉम्प्युटर हे आपल्याला समजतं. अॅनिमेशन म्हटलं की आपण मान डोलावतो आणि सही करतो. मीही तेच केलं होतं.

आमच्या एका गटात एक आक्का आहेत. त्यांची मुलगी लहानपणापासून वहीच्या कोपऱ्यांवर चित्रं काढून पानं भराभर उलटायची आणि चित्रातला माणूस पळायचा. बारावीनंतर ती शहरात अॅनिमेशनचा कोर्स करायला गेली. फी मोठी होती. थोडी आक्कांच्या भावानं भरली आणि 30,000 रुपये गटानं अंतर्गत कर्ज म्हणून दिले. कोर्स संपला, मुलगी प्रमाणपत्र घेऊन घरी आली आणि मग सात महिने काहीच झालं नाही. ज्या संस्थेनं ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणून सांगितलं होतं, तिथं फोन उचलायचे बंद झाले. आक्का दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाऊन हप्ता भरत होत्या. पुढं दोन हप्ते चुकले. बैठकीत एकजण बोलून गेली, “तीस हजाराचं कार्टून झालं.” आक्का काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर घरात मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली.

तेव्हा मी त्यांच्या घरी गेले आणि मुलीला म्हटलं, तू नोकरीला काय पाठवतेस ते मला दाखव. तिनं रील दाखवली. 4 मिनिटं 10 सेकंदांची. सुरुवातीला आगीच्या ज्वाळांतून तिचं नाव फिरत फिरत येतं. मग एक मोटार, एक बंगला, एक उडी मारणारा चेंडू, चालणारा माणूस, एक फिरणारा लोगो, दोन पोस्टर, मग एक राक्षस. सगळ्यावर ढोल-ताशाचं जोरदार संगीत. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. कबूल करते, मलाही ती फार आवडली. मला वाटलं, एवढं सगळं येतं आणि तरी नोकरी देत नाहीत, म्हणजे वशिला लागत असणार.

मी म्हटलं, मला पाठव, मी कुणाला तरी दाखवते. रात्री घरी येऊन लिंक दाबली तर उघडेना. ‘परवानगी मागा’ असं लिहून येत होतं. तिनं फाईल इंटरनेटवर ठेवली होती, पण कुलूप काढायचं राहिलं होतं. तिच्या फोनवर ती उघडायची, कारण खातं तिचंच! मागच्या दोन महिन्यांत जिथं जिथं अर्ज केला, तिथं कुणालाच काही दिसलं नव्हतं. परवानगी मागत कोण बसतं? त्यांच्यापुढं आणखी शंभर अर्ज असतात. म्हणून आधी एवढं करा, मुलांनी लिंक पाठवली की ती आपल्या फोनवर, शेजारणीच्या फोनवर दाबून बघा. त्याला अॅनिमेशन यावं लागत नाही.

कुलूप काढलं, तरी उत्तर येईना. शेवटी आमच्या एका प्रशिक्षकांच्या ओळखीनं पुण्यातल्या स्टुडिओत बरीच वर्षं काम करणाऱ्या एक बाई व्हिडिओ कॉलवर भेटल्या. मुलगी, आक्का आणि मी, तिघी मोबाईलपुढं बसलो. त्यांनी रील लावली आणि पंधराव्या सेकंदाला थांबवली. म्हणाल्या, “अजून मला तुझं काम दिसलंच नाही. नुसती आग दिसली.”

मग त्यांनी शांतपणे समजावलं. नव्या मुलाची रील मिनिटभराची असली तरी पुष्कळ होते, पाऊण मिनिटाची चालते. बघणारा पहिल्या काही सेकंदांतच ठरवतो की पुढं बघायचं की नाही. म्हणून सगळ्यात चांगलं काम सगळ्यात आधी. नाव साध्या अक्षरांत, दोन-तीन सेकंद, खाली फोन नंबर, ईमेल आणि कुठलं काम हवं आहे ते. शेवटी परत तेच. संगीत हळू, किंवा नाहीच. बरेचजण आवाज बंद करूनच बघतात. पात्र बोलतं, ओठ हलतात, अशा दृश्यालाच आवाज लागतो.

पुढं त्यांनी विचारलं, “तुला नक्की काय व्हायचंय?” मुलगी म्हणाली, “मला सगळं येतं.” त्या हसल्या. ह्या धंद्यात कामं वाटून दिलेली असतात. एकजण पात्राचा पुतळा घडवतो, त्याला मॉडेलिंग म्हणतात. एकजण त्या पुतळ्यात हाडं-सांधे बसवतो, ते रिगिंग. एकजण त्याला हालचाल देतो, तो अॅनिमेटर. एकजण उजेड-सावली बघतो. मोठ्या स्टुडिओत ज्या जागेसाठी अर्ज, त्याच कामाची रील लागते. हालचालीची जागा असेल तर बंगला आणि मोटार बघून कुणाला काय कळणार? लहान ठिकाणी चार कामं येणारा माणूस चालतो, पण तिथंही चारही कामं चांगली असावी लागतात. मुलीला पात्र हलवायचं काम आवडतं, हे वहीच्या कोपऱ्यापासून ठरलेलंच होतं. म्हणजे बंगला गेला, मोटार गेली, पोस्टर गेली. राक्षसही गेला, कारण त्या बाईंनी तो पाहताक्षणी ओळखला. “हा मी आधी दहाबारा रील्समध्ये पाहिलाय,” म्हणाल्या. संस्थेनं सगळ्या वर्गाला एकच राक्षस आणि एकच हालचाल दिली होती, आणि सगळ्या वर्गानं तोच रीलमध्ये घातला होता. गिरवलेलं अक्षर आपल्याला नाही का ओळखू येत?

आता उरलं काय? उडी मारणारा चेंडू, चालणारा माणूस आणि डोक्यावर हंडा उचलणारी एक बाई. हंड्याची कल्पना तिची स्वतःची होती, वर्गात कुणी सांगितली नव्हती. स्टुडिओतल्या बाईंनी तो तुकडा तीनदा बघितला आणि म्हणाल्या, “कल्पना छान आहे, पण हंडा रिकामा आहे.”

मुलगी गप्प झाली. आक्का मात्र पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, “व्हय की! मी कवापास्नं बघतीया, ही बाई फुगा उचलल्यावानी उचलतीया.”

मैत्रिणींनो, ह्या एका वाक्यावरून मला अॅनिमेशन म्हणजे काय ते कळलं. सिनेमात एका सेकंदाला 24 चित्रं डोळ्यांपुढून जातात, म्हणजे मिनिटाला 1440. पूर्वी ती हातानं काढायचे. आता संगणकावर महत्त्वाच्या स्थिती आपण ठरवायच्या आणि मधली चित्रं संगणक भरून देतो. पण संगणकाला वजन कळत नाही. तो सगळं एकसारखं सरकवतो, पाण्यात तरंगल्यासारखं. जड वस्तू उचलताना आधी माणूस खाली जातो, मगच वर येतो. कुठं थांबतो, कुठं दम घेतो, किती वेळ घेतो, हे माणसानं बघून भरावं लागतं. डिस्ने कंपनीत आयुष्यभर काम केलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी 1981 साली एक पुस्तक लिहिलं, त्यात अशी 12 तत्त्वं सांगितली आहेत. उडी घेण्याआधी मांजर मागं सरतं, चेंडू जमिनीवर आपटला की चपटा होतो, बाई चालता चालता थांबली तरी पदर थोडा पुढं जातो. तत्त्वं परदेशी पुस्तकातली असली, तरी पदर आपलाच आहे.

दुसऱ्या दिवशी मुलीनं आक्कांना हौदापाशी नेलं. मोबाईल विटांवर टेकवला आणि भरलेला हंडा उचलायला लावला. एकदा समोरून, एकदा बाजूनं, आणि एकदा रिकामा. तिन्ही व्हिडिओ ती हळू करून बघत बसली. भरलेला हंडा आक्का थेट डोक्यावर घेत नाहीत. आधी पाय फाकवून उभ्या राहतात, वाकतात, काठाला धरून हंडा मांडीवर घेतात. तिथं क्षणभर थांबतात, ओठ आवळतात, आणि मग एका झटक्यात वर. डोक्यावर गेल्यावर मान सरळ होते, गुडघे जरा दबून परत ताठ होतात. चालायला लागल्या की डोकं जागच्या जागी आणि सगळी हालचाल कमरेत, पावलं आखूड. मी इतकी वर्षं बायांना पाणी वाहताना बघते, स्वतः वाहिलंय, पण हे असं तुकड्या-तुकड्यानं कधी बघितलं नव्हतं. अॅनिमेशनवाले अशा व्हिडिओला रेफरन्स म्हणतात. मोठमोठे अॅनिमेटरही आधी स्वतः करून बघतात, त्याचं चित्रण करतात आणि मग कामाला बसतात.

पुढचे बावीस दिवस ती ह्या एका दृश्याला लागली होती. फक्त 9 सेकंदांचं दृश्य! आक्का मला सांगायच्या, “दिसभर तेच. बाई वाकती, उठती. वाकती, उठती.” शेवटी तिनं आईला दाखवलं. आक्का बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “समदं झालं, पर चुंबळ कुठाय?”

चुंबळच नव्हती! डोक्यावर हंडा थेट ठेवला होता. संगणकावर एक गोल कडं करून ते डोक्यावर बसवायचं, एवढंच काम. पण ते बसवल्यावर तिला आणखी एक सुचलं. हंडा टेकला की चुंबळ दबली पाहिजे. तिनं ती दाबली, आणि मैत्रिणींनो, हंडा भरला. पाणी कुठंच दाखवलेलं नाही, तरी बघणाऱ्याला कळतं की आत पाणी आहे. पुढं पुण्याच्या बाईंनी त्या दबलेल्या चुंबळीबद्दलच पहिलं वाक्य लिहिलं.

तिला त्या पात्राला साडी नेसवायची फार इच्छा होती. साडीच्या निऱ्या संगणकावर हलवणं हे वेगळंच अवघड काम आहे. बाईंनी सांगितलं, नादी लागू नकोस, राखाडी पुतळाच राहू दे. हालचालीची नोकरी मागताना रंग, कपडे, पार्श्वभूमी नसली तरी चालतं. उलट अर्धवट रंगवलेलं वाईट दिसतं. हे मला पटायला वेळ लागला. आपल्याला सजवलेलं ताट लागतं ना!

तो पुतळा तिनं घडवलेला नव्हता, हेही सांगते. शिकणाऱ्या मुलांसाठी असे सांधे बसवलेले तयार पुतळे इंटरनेटवर मोफत मिळतात आणि ते वापरण्यात काही चूक नाही. फक्त लिहायचं, पुतळा अमक्याचा, हालचाल माझी. रीलबरोबर असा एक कागद जोडतात. कुठल्या सेकंदाला कुठलं दृश्य, त्यात मी काय केलं, कुठल्या सॉफ्टवेअरवर. चौघांनी मिळून केलेलं असेल तर आपला भाग कोणता ते स्पष्ट लिहायचं. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून घातलं तर हा धंदा लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. हल्ली एआयला सांगून हलती चित्रं मिळतात, तीही स्वतःची म्हणून घालू नयेत. मुलाखतीत ‘मूळ फाईल उघड आणि हा हात जरा हळू उचलून दाखव’ म्हटलं की बोलती बंद होईल.

बैठकीत मी सांगितलं की नवी रील 48 सेकंदांची झालीय, तेव्हा तीच ‘कार्टून’वाली मैत्रीण म्हणाली, “एवढं शिकली आणि मिनिटभर पण नाही? त्यात काय कळणार?” प्रश्न रास्त होता. मी तिला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. आपल्या त्र्यंबकेश्वरचे फाळके. 1913 साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, त्याच्या आधीची ही गोष्ट. सिनेमा काढायचा होता आणि पैसे नव्हते. सिनेमा म्हणजे काय हेच लोकांना माहीत नव्हतं, मग पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोप वाढेल तसं बरेच दिवस थोडं थोडं चित्रण केलं. सगळं जोडून दाखवलं तर बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय, हे सगळं सुमारे मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ त्याचं नाव. ते मोजक्या लोकांना दाखवलं आणि त्यातून कर्ज देणारे उभे राहिले. सरस्वतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आपले दागिनेही गहाण टाकू दिले. आता त्या मिनिटभरात रामायण नव्हतं की महाभारत नव्हतं. एक वाटाण्याचा वेल होता. पण ज्यानं पैसे दिले त्याला कळलं की ह्या माणसाच्या हातात हे काम आहे. मी तर म्हणते, आपल्याकडची पहिली शो-रील तीच. बैठकीत बायांना सरस्वतीबाईंचे दागिने जास्त लक्षात राहिले, ते साहजिकच आहे.

आता आयांसाठी. आपल्याला ते सॉफ्टवेअर कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. पण मुलगी दिवसभर लॅपटॉपपुढं बसून एकच बाई वाकवते-उठवते, तेव्हा तिला ‘रिकामी बसलीय’ म्हणून दर दहा मिनिटांनी उठवू नका. दिवसातले चार तास सलग तिचे म्हणून ठरवून द्या. ‘हे पण घाल, ते पण घाल, एवढी मेहनत केलीस’ असा आग्रह धरू नका. त्या पहिल्या रीलमध्ये दोन पोस्टर होती, ती आक्कांच्याच आग्रहानं घातलेली होती. चार चांगल्या कामांत एक कच्चं असलं तर बघणारा कच्च्यावरून मोजतो. आणि तिला हालचाल बघायला मदत करा. कुणी जात्यावर बसतं, कुणी बैल जुंपतं, म्हातारी काठी टेकत उठते. शहरातल्या मुलांना ह्यातलं बरंचसं बघायलाच मिळत नाही.

कोर्सला पैसे देण्याआधी, ते गटाचे असोत की घरचे, संस्थेत जाऊन एकच मागा: मागच्या वर्षीच्या मुलांच्या रील्स दाखवा. प्रमाणपत्रांची भिंत नको, रील्स. पाच मुलांच्या रीलमध्ये एकच राक्षस दिसला तर परत या. आणि महागड्या सॉफ्टवेअरसाठी पैसे मागितले तर विचारा, ब्लेंडर का चालत नाही? ब्लेंडर पूर्ण मोफत आहे. लात्व्हिया नावाच्या छोट्याशा देशातल्या दिग्दर्शकानं ‘फ्लो’ नावाचा मांजराचा सिनेमा ब्लेंडरवर केला आणि 2025 साली त्याला ऑस्कर मिळालं. मोठ्या स्टुडिओंत बहुधा माया हे सॉफ्टवेअर लागतं, पण तेही विद्यार्थ्यांना शिकण्यापुरतं मोफत मिळतं.

मुलीनं नवी रील अकरा ठिकाणी पाठवली. फाईलला आधी ‘फायनल-फायनल-3’ असं नाव होतं, ते काढून स्वतःचं नाव आणि कामाचं नाव दिलं. आठ ठिकाणांहून काहीच आलं नाही. दोन ठिकाणांहून नकार आला, पण निदान आला. एका ठिकाणाहून चाचणी आली. त्यांनी एक पात्र दिलं आणि चार दिवसांत ते जिना चढताना दमलेलं दाखवायला सांगितलं. ती आक्कांना घेऊन पंचायतीच्या जिन्यावर गेली. आमच्या ग्रामसेवकांना वाटलं की काही तक्रार आहे.

सध्या ती पुण्यात सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून लागली आहे. पगार फार नाही, खोलीभाडं आणि मेस जाऊन थोडं उरतं. पुढं कायम करतील की नाही ते अजून सांगितलेलं नाही. चुकलेल्या दोन हप्त्यांपैकी एक ह्या महिन्याच्या बैठकीत जमा झाला, इतिवृत्तात तशी नोंद आहे. दुसरा दिवाळीआधी द्यायचं ठरलंय.

ज्या मैत्रिणींच्या घरी असं काही शिकणारी मुलं आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला येताना मुलांच्या रीलची लिंक आपल्या फोनवर घेऊन या. सगळ्यांच्या फोनवर ती उघडते का ते बघू.